गाळणीत अडकलेलं उत्तर: तारामाशांच्या साथीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खरं आहे आणि त्यातली माहिती जाहीर शोधनिबंधांतून सर्वांसमोर आलेली आहे. तरीही त्यात काम केलेल्या संशोधकांची आणि प्रयोगशाळांची नावं इथं दिलेली नाहीत. मला कुणाची चूक दाखवायची नाही. एखादा प्राणी आतून कसा बांधलेला आहे, याचा रोगनिदानातल्या साध्यासाध्या निर्णयांशी किती थेट संबंध असतो, हे या प्रकरणातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्याचं मोल वाटतं.

पार्श्वभूमी

कंटकचर्मी प्राण्यांचा संघ आपण शाळेत एका तक्त्यात उरकतो: तारामासा, ब्रिटल स्टार, सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी), समुद्रकाकडी आणि समुद्रकमळं. जिवंत जाती सुमारे ७,०००, सगळ्या समुद्रातल्या. गोड्या पाण्यात एकही नाही. यामागचं कारण त्यांच्या शरीरातच आहे. या प्राण्यांच्या अंगात खेळणारा द्रव जवळपास समुद्राच्या पाण्यासारखाच असतो आणि क्षारांचं प्रमाण आपलं आपण सांभाळण्याची सोय त्यांच्याकडे फारशी नाही. तारामाशाच्या पाठीवर चाळणीसारखी एक तबकडी असते. तिचा संबंध आतल्या जलवाहिन्यांशी असतो, त्या वाहिन्या प्रत्येक हातात जातात आणि त्यांतल्या पाण्याच्या दाबावर नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, हलतात. चालणं, धरणं, शिंपला उघडणं हे सगळं याच दाबावर. श्वास घ्यायला त्वचेवर पातळ भिंतीचे बारीक फुगे असतात, आणि नलिकापादांतूनही प्राणवायू आत येतो. आपल्यासारखं रक्त नाही. अन्नरस पोचवणं आणि शरीराचं रक्षण करणं यातलं बरंचसं काम देहगुहेतला, म्हणजे शरीराच्या पोकळीतला, द्रव आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी करतात.

या पेशींना विज्ञानाच्या इतिहासात मानाचं स्थान आहे. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथं एली मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे खुपसले आणि भटक्या पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. पेशी परक्या वस्तूला गिळतात ही कल्पना तिथून आली, आणि १९०८ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते याच दिशेच्या कामासाठी. म्हणजे रोगप्रतिकाराचा अभ्यास ज्या प्राण्यापासून सुरू झाला, त्याच प्राण्याचा रोग ओळखायला सव्वाशे वर्षांनंतर आपल्याला एक तप लागलं.

आता या प्रकरणातला मुख्य प्राणी. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्यफूल तारामासा, पिक्नोपोडिया हेलिअँथॉइड्स. लहानपणी त्याला पाचच हात असतात. वाढताना नवे फुटत जातात आणि मोठेपणी वीस-चोवीस होतात. पूर्ण वाढलेला प्राणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभर भरतो, नलिकापाद हजारोंच्या संख्येनं असतात आणि एका मिनिटात तो मीटरभर अंतर सहज कापतो. तारामाशांत हा वेग फारच मोठा. जांभळे अर्चिन हे त्याचं आवडतं खाद्य. भक्ष्य आणि भक्षक दोघेही एकाच संघातले.

त्याच किनाऱ्यावर परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात खडकांवरचे पिसास्टर तारामासे हातानं उचलून दूर टाकले होते. काही वर्षांत तिथं शिंपल्यांनी बाकीच्या जाती दाबून टाकल्या. एका भक्षकाच्या असण्यावर सगळा किनारा तोलून असतो, हे त्यांनी दाखवलं. त्यामुळे तारामासे मरणं म्हणजे किती मोठं संकट, याची तिथल्या संशोधकांना २०१३ मध्ये पुरेपूर कल्पना होती.

समस्या

जून २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक किनाऱ्यावर नेहमीच्या मोजणीत आजारी तारामासे दिसले. उन्हाळा संपता संपता कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या पाणबुड्यांना तळावर त्यांचे अक्षरशः ढीग आढळले. लक्षणं सगळीकडे साधारण सारखी होती: हात पिळवटणं, अंगावर पांढरे चट्टे, शरीरातला ताठरपणा जाऊन प्राणी चपटा पडणं, मग हात गळणं, आणि शेवटी पांढरट लगदा. गळालेला हात काही काळ स्वतःच चालत राहतो. हे दृश्य पाहिलेल्यांना ते विसरता आलेलं नाही.

हात गळणं ही एरवी तारामाशाची संरक्षणाची सोय असते. त्याच्या सांध्यांतल्या ऊतीचा कडकपणा चेतासंस्थेच्या ताब्यात असतो. ती क्षणात घट्ट होते, क्षणात मऊ. शत्रूनं हात पकडला तर तिथली ऊती मऊ करून तो हात सोडून देता येतो आणि पुढे नवा येतो. रोगात हीच सोय प्राण्यावर उलटली. निदानाच्या दृष्टीनं खरी अडचण मात्र वेगळी होती. उष्णता, जखम, प्राणवायूची कमतरता, वाईट हाताळणी, कशानंही त्रासलेला तारामासा साधारण हीच लक्षणं दाखवतो. रोगाला नाव दिलं गेलं ते लक्षणांवरून, क्षयासारख्या झिजण्यावरून. म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळी कारणं मिसळण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून होती.

पुढे अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत वीसहून अधिक जाती रोगाच्या तावडीत सापडल्या. सगळ्यांना सारखा फटका बसला नाही. बॅट स्टारसारख्या जाती बऱ्याच अंशी तगल्या. पिसास्टर मोठ्या संख्येनं मेला, पण काही ठिकाणी त्याची पिल्लं पुन्हा भरपूर आली. सूर्यफूल तारामासा मात्र उठला नाही. त्याची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. मेलेल्यांचा अंदाज सुमारे ५७५ कोटींचा आहे. २०२० मध्ये जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

समोरचे पर्याय

२०१३ च्या अखेरीस संशयित तीन होते: समुद्राचं तापमान किंवा रसायन, सूक्ष्मजंतू, आणि या दोन्हींचा मेळ. एक धागा फार बोलका होता. ज्या मत्स्यालयांत समुद्राचं पाणी फक्त वाळूतून गाळून आत घेतलं जात होतं, तिथले तारामासे मेले. ज्यांनी तेच पाणी अतिनील किरणांखालून नेलं, तिथं रोग आला नाही. म्हणजे कारण पाण्यातून येत होतं आणि ते सजीव, किंवा निदान विषाणूसारखं, असावं.

इथून दोन वाटा फुटत होत्या. एक, गाळणीतून पार होणाऱ्या सूक्ष्म कणांपासून, म्हणजे विषाणूंपासून सुरुवात करायची. दुसरी, जिवाणू, एकपेशीय परजीवी, विषाणू असं काहीही न वगळता निरोगी आणि आजारी प्राण्यांची सगळ्या बाजूंनी तुलना करायची. दुसरी वाट लांबची आणि खर्चाची होती. तारामाशाच्या त्वचेवर आणि ऊतींत जिवाणूंची इतकी गर्दी असते की त्यातून एक दोषी निवडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. त्यातही आजारी प्राण्याची त्वचा फाटली की समुद्रातले सडवणारे जिवाणू त्यावर धाव घेतातच. कोणता आधी आला आणि कोणता नंतर, हे मेलेल्या ऊतीवरून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या कापांतही ठोस रोगजंतू दिसत नव्हता.

पहिली कृती: विषाणूची वाट

एका मोठ्या पथकानं पहिली वाट धरली. आजारी तारामाशांची ऊती वाटली, अतिबारीक गाळणीतून गाळली, म्हणजे जिवाणू मागे राहिले, आणि उरलेला द्रव निरोगी सूर्यफूल तारामाशांना टोचला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तोच द्रव तापवून, निष्प्रभ करून टोचला. पहिला गट आजारी पडला. मग जनुकीय तपासणीत डेन्सोव्हायरस गटातला एक विषाणू पुढे आला. आजारी प्राण्यांत तो जास्त आढळत होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात लेखकांनी 'संबंधित' हाच सावध शब्द वापरला होता. बातम्यांत त्याचं 'कारण सापडलं' असं झालं, आणि आम्ही वर्गातही तसंच सांगितलं.

त्या निबंधातच एक खडा होता. संग्रहालयात जपलेल्या जुन्या नमुन्यांतही हा विषाणू सापडला होता, अगदी १९४२ पासूनच्या. सत्तर वर्षं सोबत राहणारा विषाणू २०१३ मध्येच एवढा का उसळला? तापमान हे एक उत्तर होतं. विषाणू हा मूळ रोगजंतूच नाही, हेही एक उत्तर होतं.

निर्णयाचं पहिलं वळण: आपलं उत्तर पुन्हा तपासणं

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. त्याच पथकानं पुढची काही वर्षं स्वतःचाच निष्कर्ष पारखून पाहिला. इतर जातींच्या तारामाशांना तसाच द्रव देऊन रोग उभा राहिना. विषाणूचा संबंध सूर्यफूल तारामाशापुरताच उरला. पुढे निरोगी तारामाशांतही, वेगवेगळ्या समुद्रांत, याच कुळातले विषाणू सापडत गेले. २०१८ च्या निबंधात त्यांनी हे उघडपणे मांडलं. गाजलेलं उत्तर स्वतः मागे घेणं सोपं नसतं. ते तसंच राहिलं असतं तर पुढच्या कुणालाही जिवाणूंकडे वळायला पैसा आणि वेळ मिळाला नसता.

२०२१ मध्ये आणखी एक मांडणी आली. पाण्यात सेंद्रिय द्रव्य वाढलं की तारामाशाच्या त्वचेलगत जिवाणू फोफावतात, तिथला प्राणवायू संपवतात आणि त्वचेतूनच श्वास घेणारा प्राणी गुदमरतो. कंटकचर्मींच्या श्वसनाचा विचार केला तर ही कल्पना पटण्यासारखी आहे. काही ठिकाणच्या मृत्यूंमागे ती खरीही असू शकेल. पण पाण्यातून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या साथीचा उलगडा तिनं पुरता होत नव्हता.

निर्णयाचं दुसरं वळण: नमुना कुठून घ्यायचा

२०२१ ते २०२४ या काळात वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियातल्या दुसऱ्या एका पथकानं पहिल्या पायरीपासून काम सुरू केलं. त्यांनी घेतलेले निर्णय ऐकायला साधे आहेत.

पहिला, प्रयोगातला प्राणी खरोखर निरोगी आहे याची खात्री. समुद्रातून आणलेले तारामासे आधी काही काळ वेगळे ठेवले. शिवाय वॉशिंग्टनच्या एका सागरी प्रयोगशाळेत २०१९ पासून सूर्यफूल तारामासे अंड्यापासून वाढवले जात होते, तेही वापरता आले. ज्यानं मोकळा समुद्र पाहिलेलाच नाही असा प्राणी हा अशा प्रयोगाचा पाया असतो. २०१३ च्या गोंधळात तो मिळणं शक्यच नव्हतं.

दुसरा, तुलनेचे गट. आजारी प्राण्याचा द्रव काही निरोगी तारामाशांना जसाच्या तसा दिला, काहींना तापवून, काहींना बारीक गाळणीतून गाळून. तापवलेला आणि गाळलेला द्रव मिळालेले जगले. जसाच्या तसा मिळालेले बहुतेक सगळे साधारण दोन आठवड्यांच्या आत मेले. आजारी प्राण्याच्या टाकीतल्या पाण्यातूनही रोग पसरला. याचा अर्थ सरळ होता: रोगजंतू जिवंत आहे आणि तो गाळणीत मागे राहतो. २०१४ मध्ये जी गोष्ट गाळून बाजूला ठेवली, दोषी तीच होती. तेव्हा गाळलेल्या द्रवानंही प्राणी आजारी पडले होते; ते आधीच निरोगी नसावेत, ही शक्यता उरते.

तिसरा निर्णय मला सर्वांत जास्त भिडतो. त्यांनी ऊतीचा लगदा करण्याऐवजी देहगुहेतला द्रव तपासला. त्वचेवर जिवाणूंची जत्रा असते, पण निरोगी तारामाशाच्या देहगुहेतला द्रव त्या मानानं स्वच्छ असतो. तो सगळ्या हातांतून फिरतो, रोगाशी पेशींची लढाईही तिथंच चालते आणि प्राण्याला न मारता सुईनं थोडासा काढता येतो. माणूस आजारी पडला तर आपण आधी त्याचं रक्त तपासतो. तारामाशाचं रक्त म्हणजे हाच द्रव. आजारी आणि निरोगी प्राण्यांचा द्रव शेजारी ठेवल्यावर सगळा गोंगाट बाजूला पडला आणि एकच जिवाणू उठून दिसला: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा.

हे नाव नवं नव्हतं. फ्रान्समध्ये शिंपल्यांच्या अळ्या मारणारा जिवाणू म्हणून त्याचं वर्णन १९९८ मध्येच झालं होतं. पटकीचा जिवाणूही याच व्हिब्रिओ कुळातला. पण जनुकीय खूण सापडणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हा धडा दहा वर्षांपूर्वीच मिळाला होता. म्हणून त्यांनी कॉखच्या कसोट्या पुऱ्या केल्या. आजारी प्राण्यातून जिवाणू वेगळा काढला, शुद्ध वाढवला, निरोगी तारामाशांना दिला, रोग झाला, प्राणी मेले, आणि त्यांच्यात तोच जिवाणू पुन्हा सापडला. ऑगस्ट २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

परिणाम

या बारा वर्षांत समुद्र थांबून राहिला नव्हता. २०१४ ते २०१६ दरम्यान त्या किनाऱ्यावर समुद्री उष्णतेची मोठी लाट आली. गरम पाणी आणि सूर्यफूल तारामाशांची घट यांचा संबंध पुढे सुमारे ३,००० किलोमीटरच्या पट्ट्यात दिसून आला. व्हिब्रिओ कुळातल्या अनेक जिवाणूंना कोमट पाणी मानवतं, हे आता त्याच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. उत्तर कॅलिफोर्नियात भक्षक गेल्यावर जांभळे अर्चिन बेसुमार वाढले आणि सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं रान, नाहीसं झालं. केल्पवर जगणारे लाल ॲबलोन शिंपले उपासमारीनं गेले, त्यांची हौशी मासेमारी २०१८ मध्ये बंद करावी लागली. भुकेले अर्चिन मात्र मरत नाहीत. आतून रिकामे होऊन वर्षानुवर्षं तग धरतात आणि नवा कोंब दिसला की खातात. त्यामुळे केल्प आपोआप परत येत नाही.

आशेची जागा ब्रिटिश कोलंबियातल्या अरुंद, खोल खाड्यांमध्ये आहे. तिथल्या थंड पाण्यात मोठे सूर्यफूल तारामासे अजून टिकून आहेत. आणि आता रोगजंतूचं नाव माहीत असल्यानं टाकीत वाढवलेली पिल्लं समुद्रात सोडण्याआधी तपासता येतील, काही प्राण्यांत प्रतिकारशक्ती आहे का हे पाहता येईल. काही जातीच का मेल्या आणि बाकीच्या का वाचल्या, हा प्रश्नही आता नीट विचारता येईल. एवढ्या विविध तारामाशांत एकच जिवाणू वेगवेगळा का वागतो, यात या संघाबद्दलचं पुढचं बरंच शिक्षण दडलेलं असणार.

वेगळं काय करता आलं असतं

आज मागे वळून बोलणं सोपं आहे, हे मला मान्य आहे. २०१३ मध्ये प्राणी दिवसागणिक मरत होते आणि हातात होतं ते साधन वापरलं गेलं. तरी तीन गोष्टी खटकतात. गाळलेल्या द्रवासोबत न गाळलेल्या द्रवाचाही पूर्ण पाठपुरावा व्हायला हवा होता. देहगुहेतला द्रव सुरुवातीपासून जपायला हवा होता. आणि साथीआधीचे, निरोगी दिवसांतले नमुने जवळ असायला हवे होते. कॅलिफोर्नियाच्या आखातात १९७८ साली हेलिअ‍ॅस्टर तारामासे असेच गेले होते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा अर्चिनांची नव्वद टक्क्यांहून अधिक संख्या संपली. दोन्ही वेळी कारण कळलं नाही. इशारे जुनेच होते.

पद्धत बदलल्यावर काय होतं, हे डायडेमानंच दाखवलं. जानेवारी २०२२ मध्ये कॅरिबियनमध्ये हे अर्चिन पुन्हा मरू लागले. या वेळी संशोधकांनी पहिल्याच महिन्यांत तीन प्रकारचे नमुने घेतले: आजारी अर्चिन, त्याच जागेवरचे वरून निरोगी दिसणारे, आणि साथ न पोचलेल्या जागेवरचे. कोणताही संशयित आधी वगळला नाही. विषाणू नाही, जिवाणू नाही, केसाळ कडांचा एक एकपेशीय परजीवी निघाला. एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षात, निबंध बाहेर आला. त्याचे प्रमुख लेखक तेच होते, ज्यांनी २०१४ चं डेन्सोव्हायरसचं उत्तर मांडलं होतं आणि नंतर स्वतःच तपासून मागे घेतलं होतं.

तो परजीवी पुढे भूमध्य समुद्रात, तांबड्या समुद्रात, रियुनियन बेटावर आणि ओमानच्या समुद्रातही आढळला. ओमानपलीकडे अरबी समुद्र सुरू होतो. आपल्या खडकाळ किनाऱ्यांवर अर्चिन आहेत, पुळणीवर वाळूत गाडून घेणारे ॲस्ट्रोपेक्टेन तारामासे आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता ओहोटीला एवढंच काम देतो: प्राण्याला हात न लावता फोटो, हातांची संख्या, पाण्याचं तापमान, तारीख. वही निरोगी प्राण्यांची आहे. पहिल्या पानावर गेल्या डिसेंबरमधले अकरा तारामासे आहेत, सगळ्यांचे पाचही हात शाबूत.